बाबांचं वजन

आई गं,

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. बाबा पुन्हा लग्न करताहेत, आणि त्याआधी त्यांना मित्रांसोबत बर्फात स्कीइंगला जायचंय. बॅचलर पार्टी म्हणे! या वयात, त्या गुडघ्यांनिशी! सगळी जमवाजमव अर्थातच माझ्या गळ्यात.

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात आज फोन केला. त्याने बाबांचं वजन विचारलं आणि मला तू दिसलीस, काउंटरवर वाकून हळूच दहा किलो कमी सांगणारी. वजन कमी सांगितलं की बूट स्कीला धरून ठेवणारी पकड सैल ठेवतात. माणूस पडला की स्की पटकन सुटते, पाय वाचतो. बाबा दरवर्षी चरफडायचे, "माझीच कशी निघते?" आणि उताराखाली माझ्याशेजारी उभी तू गुपचूप थर्मासमधला चहा ओतायचीस.

"नंतर कळवते," म्हणून फोन ठेवला.

तेवढ्यात बाबा ज्यांच्याशी लग्न करताहेत, त्या बाईंचा फोन आला. त्या स्वतः छान स्की करतात. म्हणाल्या, "ऐक ना, यांचं वजन जरा कमीच सांग. आणि त्यांना कळू देऊ नकोस हं."

आजवर मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. आज तोंडातून 'मावशी' निघून गेलं. रागावली नाहीस ना?

उतारावर खाली तुझ्याशेजारी कुडकुडणारी,
तुझी लेक