शेवटच्या बाकावरचं उत्तर

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं पाठाचं टाचण मिळालं. नेहमीसारखंच छान आहे, पण या वेळी मी ते वापरणार नाही. वर्षभर तुझीच टाचणं घेऊन वर्गात उभी राहिले. मागे बसलेले निरीक्षक ‘उत्तम’ लिहितात, आणि ते तुझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटत राहतं. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहातल्या मुली एकमेकींना आपले पाठ वाचून दाखवतात, चुका काढतात, हसतात. मी त्यांच्यात बसत नाही. माझं असं दाखवायला असतंच काय?

अंतिम पाठ सरावशाळेत पाचवीला, अपूर्णांकांचा आहे. तो माझा मी करीन. बोजवारा उडाला तर हे आपलं काम नव्हे असं समजून घरी येईन. एकदाचं कळू दे. तू मध्ये पडू नकोस.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. भित्री भागूबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

शिंगं फुटली म्हणायची! आई गेल्यावर तुझ्या वेण्या घालण्यापासून सगळं मीच केलं, तेव्हा बरी नाही म्हणाली नाहीस. असो. टाचणाला हात लावणार नाही, वचन देते. पण ‘घरी येईन’ हे पुन्हा लिहू नकोस. तुझे भाऊजी म्हणतात, परीक्षा मेहुणीची आणि झोप उडाली बायकोची.

सरावशाळेतल्या पाचवीच्या बाई म्हणजे माझी जुनी मैत्रीण. अडलंच तर त्यांना भेट. वेळेवर जेवत जा, आणि ताईवर रुसू नकोस.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जमलं, ताई. सुरुवातीला फळ्याकडे तोंड करूनच बोलत होते. मग मुलांना कागदाच्या पट्ट्या दुमडायला दिल्या आणि विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? शेवटच्या बाकावरची मुलगी, जी वर्षभरात चकार शब्द बोलली नव्हती, ती उभी राहिली. म्हणाली, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, म्हणून एक तृतीयांश मोठा. मला तिथंच रडू फुटलं असतं.

काल पहिल्यांदा मुलींच्यात जाऊन बसले. दोघींनी माझा पाठ उतरवून घेतला. मला शिकवता येतं, ताई. आता घरी येईन ते सुट्टीलाच.

तुझी धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. आता सगळं पार पडलं म्हणून सांगते, माझ्या पोटात काही राहत नाही. मी वचन मोडलं नाही हं. फक्त मैत्रिणीला कळवलं, पोरगी घाबरट आहे, वर्ग तयार ठेव. तुझं टाचण मंजुरीला शाळेत गेलं तेव्हा तिनं प्रश्न पाहून ठेवले आणि आदल्या दिवशी मुलांकडून घोटून घेतले. त्या मागच्या मुलीकडून तर उत्तर शब्दन् शब्द पाठ करवलं. अशी मुलगी बोलली की निरीक्षक खूश होतात म्हणे. सगळेच करतात गं असं. शेवट गोड झाला ना?

सुट्टीची वाट बघते.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. पहिली आले. सरावशाळेनं नोकरी देऊ केली आहे, ती घेणार आहे. पाठ फसला तर घरी येणार होते, पण तू तो फसूच दिला नाहीस. आता मला शिकवता येतं असं कुणीही सांगितलं तरी खरं वाटणार नाही. तुझ्या मायेला नावं ठेवता येत नाहीत, म्हणून तर जास्त राग येतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्या मुलीला एकटीला विचारलं, एक पंचमांश मोठा की एक षष्ठांश? ती भेदरली. म्हणाली, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. पट्टी हातात दिली, तर ती दुमडेना. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मी थांबायला हवं होतं. मला बघवेना, म्हणून उत्तर सांगून टाकलं.

तिनं लगेच डोळे पुसले आणि मला बरं वाटावं म्हणून हसली. मीही तुला वर्षभर अशीच पत्रं लिहीत होते.

लोभ फार झाला, थोडा कमी करावा, ही विनंती.

तुझी धाकटी