ससा छापलेलं कार्ड

नागासे,
२६ डिसेंबर १९९८, शनिवार

प्रिय चिगुसा,

इथे प्राणिबागेत परवापासून बर्फ पडतोय. मोरांच्या खोपटाचं छप्पर पुन्हा वाकलं, मुरोगासाहेबांची कंबर पुन्हा धरली आणि पेंग्विन सोडून सगळेच कुरकुरत आहेत. म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. तू कशी आहेस? टोकियोत म्हणे ऊन आहे. तुम्ही लोक डिसेंबरातसुद्धा नशीब काढता.

आधी कामाचं सांगते. एक तारखेच्या सकाळी इतरांच्या नववर्षाच्या कार्डांबरोबर माझंही एक कार्ड तुझ्या पेटीत पडेल. ससा छापलेलं, येणारं वर्ष सशाचं म्हणून. ससा हवा तर बघ, पण खालचा मजकूर न वाचता कार्ड फाडून टाक. का ते पुढे सांगते. सांगणार आहे, टाळत नाही.

तुझा बुधवारचा कार्यक्रम छान चाललाय असं सगळे म्हणतात. मीसुद्धा कामाच्या गडबडीत कधीमधी ऐकते. तो चिचुंद्रीचा भाग ऐकला. थंडी आली की चिचुंद्रीची कवटी आकसते, आत मेंदूही आकसतो, म्हणजे खाणं कमी लागतं, आणि वसंतात दोन्ही पुन्हा वाढतात. तू म्हणालीस, "परवा एका शास्त्रज्ञाचा लेख वाचनात आला." लेख वाचनात आला असेलही. पण इथे कामाला होतीस तेव्हा डबा खाताना ही गोष्ट तुला मी सांगितली होती, ज्या वर्षी हत्तीणबाईंचा दात काढला त्या वर्षी. तू तोंडात भात असताना हसलीस आणि ठसका लागला होता. असो. रेडिओवर तू पुढे म्हणालीस, "वर्षअखेरीच्या मेजवान्यांत आमच्या साहेबांचंही असंच होतं, फक्त वसंतात परत वाढत नाही," आणि इथे चारा कापणाऱ्या बायका हसून हसून खाली बसल्या. मी सांगितलं असतं तर त्या चारा कापत राहिल्या असत्या. ज्याचं त्याचं नशीब.

गर्दीचं तर विचारूच नकोस. तू रेडिओवर गोनबेईचं वर्णन केलंस ना, "उंदराचे दात आणि भिक्षूचा स्वभाव", त्या दिवसापासून कॅपीबाराच्या कुंपणापाशी रांग लागते. माकडांकडे कुणी बघेना म्हणून माकडं रुसली आहेत. मागच्या आठवड्यात एक बाई दोन मुलींना घेऊन आल्या.

"अहो, ते रेडिओवरच्या ताईंचं कॅपीबारा कुठलं?"

"हेच. नगरपालिकेचं आहे."

"पण वाढवलं ताईंनीच ना?"

"हो हो. मी इथे झाडू मारते."

त्या बाईंनी मला वाकून नमस्कार केला आणि माझ्याच हातात कॅमेरा देऊन तिघींचा फोटो काढायला लावला. मागे गोनबेई, आणि त्याच्याही मागे भिंतीवर तू. मासिकातला तुझा फोटो मुरोगासाहेबांनी मोठा करून लावलाय, नाताळ म्हणून त्याला लाल टोपी चिकटवली आहे. तशीच टोपी गोनबेईलाही घातली होती. त्याने तिचा पांढरा गोंडा खाऊन टाकला. त्या दिवशी मला तो फार आवडला.

हसू नकोस, चिगुसा. मी जळते. पंचावन्न वर्षांची बाई, पिंजरे धुता धुता हात फुटलेली, एका रेडिओच्या आवाजावर जळते. इतकं सरळ लिहिलं, आता पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

गोनबेईच्या आईने त्याला टाकलं तेव्हाचं आठव. बॉयलरखोलीत खोकं ठेवून दर तीन तासांनी दूध पाजलं ते मी. तीन आठवडे मी घरी गेले नाही. माझ्या आईला वाटलं माझं कुठे जुळलं. तू यायचीस दुपारी, रताळी सोलायला, आणि सोलताना अखंड बोलायचीस. मंगळावरच्या दगडांबद्दल, ऑक्टोपसाला तीन हृदयं असतात त्याबद्दल, तुझ्या घरमालकिणीच्या विगाबद्दल. मी बाटली धरायचे आणि गप्प असायचे. मला वाटायचं, पिल्लाला दूध कळतं.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी मी कुंपणाच्या आतल्या खोलीत रेडिओ लावून तळी घासत होते. दहा वाजले, तुझं "नमस्कार मंडळी" झालं. गोनबेई कोपऱ्यात झोपला होता. आता त्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, दिवसभर झोपतोच. तो उठला. कान ताठ करून रेडिओपाशी आला आणि त्याने शीळ घातली. पिल्लू असताना घालायचा ती, बारीक, वर चढत जाणारी. अकरा वर्षांत माझ्यासाठी त्याने ती कधीही घातलेली नाही. तू जाहिरातीसाठी थांबलीस तसा तोही थांबला. तू परत बोललीस, त्याने परत घातली.

पुढच्या बुधवारी मी रेडिओ लावला नाही. बायकांना सांगितलं, बॅटऱ्या संपल्या. चार बुधवार संपलेल्याच होत्या.

आणि त्यातच तुझं पत्र आलं. "ताई, पाच जानेवारीला येते, फोटो काढणाऱ्याला घेऊन. पुस्तक निघतंय. मुखपृष्ठावर युझूच्या अंघोळीतला गोनबेई आणि काठावर मी. तुम्हीही असा ना!" शेवटचं वाक्य मी आठ वेळा वाचलं. "तुम्हीही असा ना." जेवायला बसलेल्या मंडळींनी दारातल्या माणसाला "या की तुम्हीपण" म्हणावं तसं ते मला लागलं. तुझ्या मनात तसं नसेल. मला आता कळतं. तेव्हा माझी कवटी आकसलेली होती.

सोळा तारखेला मी कार्डं लिहायला बसले. एकूण चाळीस. तुझं शेवटचं. ससा छापलेला होता, "नवं वर्ष सुखाचं जावो" छापलेलं होतं, त्याखाली दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं:

"गोनबेई म्हातारपणाने शांतपणे गेला. दगदग करून येऊ नकोस."

हे लिहिलं मी. जिवंत जनावराबद्दल. ससा आणि शुभेच्छा यांच्या खाली. आमच्या गल्लीत कुणाकडे मयत झालं तर ते लोक वर्षभर कार्ड पाठवत नाहीत, आपणही त्यांना पाठवत नाही. आणि मी मरणच कार्डावर घालून धाडलं. अक्षर चांगलं आलं होतं, ते वेगळंच. एक तारखेला वाचशील, रडशील, पाच तारखेचं तिकीट रद्द करशील, आणि पुढे कधी खरं कळलंच तर तेव्हाचं तेव्हा बघू, असा हिशेब होता. पेटीत टाकलं आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवले.

बावीस तारखेला युझूची अंघोळ होती. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, बाहेर दोनशे माणसं, तळ्यात गरम पाणी, वर युझूची लिंबासारखी पिवळीधमक फळं तरंगताहेत. धाकटे कॅपीबारा गडबडीने उतरले, एकाच्या डोक्यावर फळ बसलं, पोरं किंचाळली. गोनबेई काठापर्यंत आला आणि पाण्यात उतरलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. थरथरत उभा राहिला. मी अंगावर टॉवेल टाकून आत नेलं. डॉक्टर इनुकाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त पाहिलं.

"मूत्रपिंडं थकली आहेत, कियोएताई."

"औषध?"

"वयाला काय औषध! खाईल ते खाऊ द्या. नव्या वर्षाची तांदळाची मोची बघेल की नाही, सांगता येत नाही."

शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ना, तसं झालं. मी लिहिलं आणि त्याने ते खरं करायला घेतलं. डॉक्टर म्हणतील मूत्रपिंडं. विज्ञानावर माझाही विश्वास आहे, तुझ्याइतकाच. पण उबेसाठी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मूत्रपिंडं नव्हती, माझं अक्षर होतं.

तशीच उठून टपाल कचेरीत गेले. खिडकीवर आपल्या भातवाल्याची सून होती, बोटांना रबरी टोप्या घालून कार्डांचे गठ्ठे बांधत.

"एक कार्ड परत हवंय."

"कुठल्या गावचं?"

"टोकियो. सोळा तारखेला टाकलंय."

"अहो, ते केव्हाच गेलं. आता तिकडच्या कचेरीत गठ्ठ्यात बसलं असेल. एक तारखेच्या सकाळीच सुटणार."

"त्याआधी नाहीच?"

"आधी पोचलं तर लोक तक्रार करतात ताई, मुहूर्त चुकला म्हणून." मग तिने आवाज खाली आणला. "नवऱ्याचं नाव चुकीचं लिहिलंत का? दरवर्षी दोघी-तिघी येतात. आमच्याकडे एकीने तर जुन्या नवऱ्याचं लिहिलं होतं."

मी हो म्हटलं. जुन्या नवऱ्याचं लिहिलं, असंच सांगून आले. एव्हाना सगळ्या गावाला कळलं असेल की मला नवरा होता.

तेवीसला सुट्टी होती, बुधवारही होता. दहाला पाच मिनिटं असताना मी रेडिओ आणला, बॅटऱ्या बरोब्बर जागच्या जागी होत्या, आणि त्याच्या गवतापाशी ठेवला. तू सुट्ट्यांचं बोललीस. हरणांना रात्री उजेडाचा त्रास होतो म्हणून एका गावाने नाताळची रोषणाई लवकर विझवली, ती बातमी. क्रीमच्या केकवरची स्ट्रॉबेरी आधी खावी की शेवटी, यावर तू पाच मिनिटं घेतलीस. इतक्या फालतू गोष्टीवर! गोनबेईला उठता आलं नाही. त्याने मान रेडिओवर टेकवली आणि शीळ घातली. लहान, मध्येच तुटणारी. तू "पुन्हा भेटू" म्हणालीस, संगीत लागलं, तरी तो घालतच राहिला.

मला त्याचा हेवा वाटला. तुझा नाही, त्याचा. तुझा वाटतोच, तो काही जाणार नाही, पुस्तक आलं की आणखी वाटेल. पण तिथे गवतात बसल्यावर कळलं की नोव्हेंबरापासून सलत होतं ते हे. त्याला तुझी आठवण येते आणि तो सगळ्यांदेखत शीळ घालतो. तू गेलीस त्या दिवशी फाटकावर मी काय म्हणाले, आठवतं? "जा, जा. शेण उचलायला इथे पुष्कळ माणसं मिळतात." तू हसून वाकून निघालीस. त्यानंतर तीन वर्षं डब्याच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून जेवते. माणसं मिळाली, बोलणारं कुणी मिळालं नाही.

तुझ्या फोनच्या यंत्रावर या आठवड्यात तीनदा कुणी बाई हवेबद्दल बोलून गेली असेल. ती मीच. पहिल्यांदा "इकडे बर्फ आहे", दुसऱ्यांदा "बर्फ वाढलाय", तिसऱ्यांदा नुसताच श्वास. यंत्रावर तुझाच आवाज होता, तो संपला की मला काही सुचेना. म्हणून कागद घेतला. हे तातडीच्या टपालाने टाकते, सोमवारी पोचेल असं भातवाल्याची सून म्हणते.

पाच तारखेची वाट पाहू नकोस. सोमवारीच नीघ. फोटोवाल्याला आण, नको असेल तर नको आणूस, मला काठावर उभं कर नाहीतर टॉवेल घेऊन मागे उभं कर, मी कुरकुरेन पण उभी राहीन. त्याने आज सकाळी रताळ्याचे दोन तुकडे खाल्ले, पातळ कापलेले. येशील तेव्हा असेलच, असं मी लिहीत नाही. माझ्या लिहिण्यावर आता माझा भरवसा नाही.

आलीस की त्याच्याजवळ बस आणि बोल. चिचुंद्रीबद्दल, विगाबद्दल, कशाहीबद्दल. मी शेजारी रताळी सोलीन. मधेच गप्प बसलीस तर मी सांगेन, थांबू नकोस म्हणून.

दुपारची गाडी दोन वाजून दहा मिनिटांनी येते. मी फाटकावर असेन, त्या दिवशी उभी होते तिथेच.

शीळ घालता येत नाही म्हणून एवढं लांब लिहिणारी,
तुझी कियोएताई