बोर कोटाच्या सहा मशाली

४ नोव्हेंबर, मंगळवार. सायं. ७.४०

आजपासून लेखी नोंद. 'आदिखंड' हा ऑनलाइन खेळ मी खेळत नाही, तपासते. फरक आहे. दिवसा पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर सेलूच्या घरात बसून तपासते. संध्याकाळी हे. प्रश्न असा : हजारो लोक एकत्र खेळतात तो खेळ नेमका कशाने खेळण्यालायक होतो? महिन्याभरात उत्तर काढून लेख लिहायचा. निकष पाच. श्रमाच्या प्रमाणात फळ, भूमिकांचा तोल, हरण्याची किंमत, बदलतं जग, सर्व्हरचा वेग. प्रत्येकी दोन गुण.

नमुना म्हणून आमची टोळी. सहा जण, सगळे एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे. मी तिरंदाज आणि प्रमुख. मोनाली टोळीची वैद्य, जखमा भरणारी. हॉस्टेलात चार वर्षं आम्ही एका खोलीत होतो. योगेंद्र ढालकरी, आता अल्लीपूरला शेती करतो. निकेश, विवेक, धर्मेंद्र तलवारवाले.

मालमत्ता एक : डोंगरावरचा बोर कोट. भिंतीवर सदस्यामागे एक मशाल. कोणी टोळी सोडली की त्याची मशाल विझते. एक तारखेला मोजणी होते. पाचपेक्षा कमी मशाली दिसल्या तर कोट जप्त. मग आम्हा सहांना भेटायला जागा नाही. म्हणजे खेळात. बाहेर तशीही उरलेली नाही.

आजचं निरीक्षण : मंगळवारी बैठक असते. प्रत्येकाने जंगलातून लाकूड आणायचं, दरवाज्याबाहेर शेकोटी पेटवायची आणि बसायचं. कॉलेजात मंगळवारी मेस बंद असायची, गेटसमोर तर्री-पोहे खात उभे राहायचो, ती सवय. आज ४७ मिनिटं. योगेंद्रच्या शेतात शिरलेलं डुक्कर हा विषय १९ मिनिटं. मिळालेले गुण : शून्य.

निर्णय : बैठक बंद. त्या जागी कवायत.


५ नोव्हेंबर

ग्रुपवर वेळापत्रक टाकलं. योगेंद्रच्या गावात शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, कोणत्या दिवशी किती वाजता येते, तेही धरून. लाइन गेली की तो मोकळा. असा विचार दुसऱ्या कोणत्याही टोळीचा प्रमुख करत नसेल.

प्रतिक्रिया. निकेश : "आमचे साहेब परवडले. ते निदान चहाले सोडते." धर्मेंद्रने अंगठा दाखवला. मोनालीने विचारलं, "मग बोलायचं कवा?" मी लिहिलं की बोलण्यासाठी ग्रुप आहे; विषयाचं नाव आधी टाकून बोलावं, म्हणजे शोधायला सोपं.

त्यानंतर ग्रुपवर कोणी बोललं नाही. शिस्त लगेच आली.


११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली कवायत. ५० मिनिटांत तीन वेताळ मारले. मागच्या मंगळवारच्या तुलनेत वाढ मोजता येत नाही, कारण शून्याने भागता येत नाही.

धर्मेंद्र गैरहजर. बहिणीच्या लग्नाची खरेदी, वर्ध्याला. दहा गुण वजा केले. लग्न एकदाच होतं हे मान्य, पण खरेदी चार वेळा झाली आहे.

कवायतीनंतर भिंतीवर उभी होते. खेळातही संध्याकाळ होते, आमच्यापेक्षा थोडी आधी. समोरच्या टेकडीवर एक आग दिसली. आगीशेजारी एक माणूस. नाव चाळीस पावलांच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. तो हलत नव्हता. वीस मिनिटं पाहिलं.

निकष चार, बदलतं जग : १.६. कंपनीने नवा शत्रू आणलेला दिसतो.


१२ नोव्हेंबर

धर्मेंद्रची मशाल विझली. टोळी सोडली. कारण विचारलं नाही. विचारलं की लोक कारणं देतात. पाच उरले. नियमाला पाचच लागतात. म्हणजे आतापर्यंत एक माणूस जास्तीचा होता.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

योगेंद्र कवायतीच्या मधेच थांबला. त्याची ढाल समोर असल्याशिवाय आमच्यापैकी कोणी वेताळासमोर टिकत नाही. चौघं मेलो. फोन केला. म्हणाला, लाइन अचानक बदलली, आत्ता आली. "मॅडम, चन्याले पाणी देऊ का तुह्या भुताले मारू?" मी म्हणाले, वेळापत्रकात आज लाइन नाही. तो म्हणाला, "मंग तूच ये नं, मोटरले वेळापत्रक दाखव." मागे कोणीतरी हसलं. बहुतेक त्याची आई, कमलाकाकू.

तो हसला नाही. मी नोंद घेतली.

रात्रीपर्यंत थांबावं लागलं नाही. आठच्या आत त्याची मशाल विझली. चार.

टेकडीवर आगीशेजारी दोघं.

धोका ओळखला आहे. आपला एक माणूस कमी झाला की तिकडे एक वाढतो असं वरवर दिसतं. पण दोन नोंदींवरून निष्कर्ष काढणं चूक. विदा, म्हणजे डेटा, अपुरा.


२२ नोव्हेंबर

निकेशचा रीतसर अर्ज आला. "प्रति, मा. टोळीप्रमुख महोदया. विषय : आत्याच्या सासूचे निधन झाल्याबाबत, तिसऱ्यांदा." खाली सही, सहीखाली शिक्का काढलेला. विवेकने त्याच अर्जावर "वरीलप्रमाणे" असं लिहून पाठवलं.

दोन मशाली एका मिनिटाच्या अंतराने विझल्या. ५८ सेकंद. फितुरी.

टेकडीवर चौघं. आता विदा पुरेसा होतो आहे, म्हणून आज मोजणं थांबवलं. शत्रूकडे सारखं पाहत राहिल्याने कामावर परिणाम होतो.

कोट फार मोठा वाटतो. चार बाजूंना काळी भिंत, आणि दरवाज्यावर दोन उजेड. माझा आणि मोनालीचा. आमचे पावलांचे आवाज आधी कधी ऐकू आले नव्हते. ध्वनीची रचना चांगली आहे. निकषात नाही, तरी लिहून ठेवते.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

कवायतीला मोनाली आली. दोघींना वेताळ मरत नाही, म्हणून भिंतीवरून फिरलो. मग तिने खेळ सोडून सरळ फोन केला.

म्हणाली, "आचल, तू हे काऊन खेळते, सांग मले."

मी पाचही निकष सांगितले. क्रमाने, गुणांसह.

ती म्हणाली, "ह्या पाचात आमी कुठीसा आहो?"

मी म्हणाले, निकष दोन. भूमिकांचा तोल.

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "बरं. जेवली का?" मी म्हणाले, साडेआठला जेवते, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "हो नं. मले माहीत आहे." आणि ठेवला.

७.५२ ला तिची मशाल विझली. हे नेटवर्कमुळे असू शकतं. तिच्या भागात टॉवरचं काम चालू आहे असं ती मागे म्हणाली होती. मागच्या वर्षी.


२९ नोव्हेंबर

चार दिवस टॉवरचं काम. फोन मी केला नाही. नेटवर्क नसताना फोन करून उपयोग काय.

मशाल एक. मोजणीला दोन दिवस. टेकडीवर आग मोठी झाली आहे. भिंतीवरून ठिणग्या दिसतात.

उपाय सापडला. नियम पाच खाती मागतो. पाच माणसं असं कुठेही लिहिलेलं नाही.


३० नोव्हेंबर, रविवार

माझा फोन, लॅपटॉप, आईचा फोन, बाबांचा जुना फोन, कपाटातला टॅब. पाच यंत्रं, पाच खाती. चार नवीन सदस्यांची नावं : क, ख, ग, घ. आईच्या फोनवर ग.

आईने विचारलं, तिचा मोबाइल काऊन घेतला. मी म्हणाले, ऑफिसचं काम. आई म्हणाली, "ऑफिसले माहाच मोबाइल सापडला का? माहेरचा फोन आला तं देजो." मोजणीच्या वेळी मधेच फोन वाजला तर खातं बंद पडतं. म्हणून सगळ्या यंत्रांवर येणारे फोन बंद केले, ग्रुपही मूक केला. स्वयंचलित उत्तर लावलं : "संदेश मिळाला. नोंद घेतली आहे." कोणाला उद्धट वाटू नये.

बुरुजावरचे तिरंदाजही स्वयंचलित केले. नियम साधा : टोळीबाहेरचा कोणीही, चाळीस पावलांच्या आत, बाण. एका रानडुकरावर चाचणी घेतली. अडीच सेकंद.


१ डिसेंबर, सोमवार

मोजणी झाली. पाच मशाली. कोट राखला.

क, ख, ग, घ यांनी उत्तम काम केलं. एकानेही कारण दिलं नाही.

संध्याकाळी टेकडीवर पाचही जण उभे होते. पहिल्यांदाच उभे. कोटाकडे तोंड करून. सगळी यंत्रं आणखी दोन दिवस तशीच ठेवते. आई रागावली आहे. तिला बाबांचा चालू फोन वापरायला सांगितलं.


२ डिसेंबर, मंगळवार. सायं. ७.३०

पुण्याची मीटिंग सव्वासहाला लागली, सव्वासातला सुटली. तोवर कोट तिरंदाजांवर सोडला होता. परत येऊन यंत्राची नोंद वाचली. जशीच्या तशी उतरवते.

६.३१. पाच जण, चाळीस पावलांच्या आत. ठार : योगेंद्र. ठार : निकेश. ठार : विवेक. ठार : धर्मेंद्र. ठार : मोनाली. एकूण वेळ अकरा सेकंद. आपली हानी शून्य.

म्हणजे फितुरीचा संशय खरा होता. आजवरचा सर्वांत चांगला निकाल.

पुढचा रकाना. शस्त्र : नाही. शस्त्र : नाही. पाचही ओळींत तेच. ढालसुद्धा नाही. सामान : लाकूड, प्रत्येकी एक.

लाकडाने दरवाजा जाळता येतो. तर्क बरोबर आहे.

मोनाली शेवटी मेली. वैद्य मागे असतो, पहिल्या बाणालाच पळू शकतो. तिची शेवटची कृती नोंदीत आहे : योगेंद्रवर उपचार, निकेशवर उपचार, दरवाज्यावर थाप. थाप तीनदा.


३ डिसेंबर

फोन चालू केले. मोनालीचे सहा मिस्ड कॉल माझ्यावर, एक आईच्या फोनवर. ग्रुपवर तिचा संदेश, एक तारखेचा, दुपारचा :

"उद्या मंगळवार. आमी पाचही जण येतो साडेसहाले. टेकडीवर बसून बसून कंटाळा आला, तिथून तुहा कोटच दिसते. भांडण नाई, काई नाई. दरवाजा तेवढा उघडा ठेवजो."

त्याखाली माझं उत्तर : "संदेश मिळाला. नोंद घेतली आहे."

त्याखाली योगेंद्र : "आली बाप्पा लाइनवर!" निकेशने नाचणारा माणूस टाकलेला.

त्याखाली कालचे, ६.३३ नंतरचे. योगेंद्र : "वा." विवेकने ग्रुप सोडला. धर्मेंद्रने ग्रुप सोडला. निकेशने काही लिहिलं नाही. त्याच्याकडे नेहमी काहीतरी असतं.

मोनालीला लिहिलं की ती स्वयंचलित यंत्रणा होती, चूक नियमाच्या व्याप्तीत होती, मैत्रीचा अपवाद टाकायचा राहिला. अचूक लिहिलं. तिने वाचलं. दोन निळ्या खुणा.


५ डिसेंबर

उत्तर आलं. "मी खेळ काढून टाकला मोबाइलमधून. राग नाई आचल. मले फक्त हसू येऊन नाई राह्यलं."

टेकडीवर आग नाही. तिकडे चालत गेले, तिरंदाज बंद करून. राख होती. बसायला पाच दगड लावलेले. सहावा थोडा बाजूला, कोटाच्या दिशेने. खेळात दगड आपोआप सरकत नाहीत. कोणीतरी उचलून ठेवावा लागतो, वेळ लागतो. किती, ते मोजायला कोणी नव्हतं.

कोणी चुकून ठेवला असेल.


९ डिसेंबर, मंगळवार. सायं. ७.२०

लेखाचा मसुदा पूर्ण. श्रमाचं फळ १.८, भूमिकांचा तोल १.५, हरण्याची किंमत २, बदलतं जग १.६, सर्व्हर १.७. एकूण ८.६. निष्कर्ष : खेळण्यालायक. हरण्याच्या किमतीला पूर्ण गुण का, हे समजावणारा परिच्छेद तीनदा लिहिला, तीनदा पुसला. संपादक विचारणार नाही.

वेळापत्रकात जागा मोकळी होती म्हणून आज बैठक घेतली. फक्त तुलनेसाठी. पाच यंत्रं पलंगावर मांडली. क, ख, ग, घ यांना जंगलात नेऊन एकेक लाकूड आणायला लावलं. एकेकाला हाताने चालवावं लागतं, अर्धा तास गेला. दरवाज्याबाहेर शेकोटी पेटवली. पाचही जणांना गोल बसवलं.

सात मिनिटं झाली तेव्हा आई आली. माहेरी फोन करायचा आहे म्हणाली, आणि पलंगावरचा तिचा मोबाइल उचलला. पडद्याकडे बघून म्हणाली, "कोन हे बसून राहिले बाई, थंडीत?" मी म्हणाले, कामाचे लोक. ती म्हणाली, "बोलत काऊन नाई मंग?" आणि खेळ बंद करून नंबर लावत बाहेर गेली.

शेकोटीजवळून ग उठला आणि नाहीसा झाला.

मी टंकलं : थांब ना थोडं.

पाठवलंही. मग लक्षात आलं की याचं उत्तरही मलाच टंकावं लागणार.