ब्रिगिताचा दिवस

प्राग, ऑक्टोबर

आई,

तुझी लेक ठणठणीत आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. थंडी पडलीय, पण तू विणलेला स्वेटर स्टुडिओतही अंगावर असतो.

इथल्या कॅलेंडरात रोज कुणाच्या तरी नावाचा दिवस असतो आणि सकाळी रेडिओवर तो मीच सांगते. ज्याचा दिवस, त्याने ऑफिसात सगळ्यांना खाऊ घालायचं. ग्रॉन्या हे आपलं आयरिश नाव त्यात कुठलं असायला! त्यामुळे आमचा ध्वनिमुद्रक व्लास्तिमिल वर्षानुवर्षं टोमणे मारतोय, "ग्रॉन्याबाई, दुसऱ्यांचं किती दिवस हादडणार?"

पण ब्रिगिता आहे की! म्हणजे तू, ब्रिजिट, इथल्या लोकांच्या तोंडी. काल तो दिवस होता. मी तबकभर पाव नेले, वर बटाट्याचं सॅलड आणि हॅम. म्हटलं, "खा, माझ्या आईच्या नावाने." व्लास्तिमिलने चांगला ताव मारला आणि तोंड पुसत विचारलं, "आई बरी आहे ना?"

बरी आहेस ना गं? डर्मटदादाला विचारलं तर म्हणतो, गुडघा ठीक आहे. तो काय, छप्पर गळत असलं तरी ठीकच म्हणेल. जिना एकटी उतरू नकोस.

आणि काल सकाळी त्याने तुला इंटरनेटवर आमचा रेडिओ लावून दिला असेल, तर तुझ्या नावानंतर आवाज मध्येच थांबलेला ऐकला असशील. व्लास्तिमिल काचेपलीकडून हातवारे करत होता. यंत्र बिघडलं नव्हतं, आई. तेवढा वेळ तुझा होता.

तुझीच,
ग्रॉन्या