बाबांच्या इन्सुलिनची सोय

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

मंगळवारच्या बोटीनेच या. वारा वाढला की बोट तीन-तीन दिवस सुटत नाही आणि बेटावर औषधाचं दुकान नाही, म्हणून औषधं आठवडाभराची जास्त आणा. मधल्या बाकावर बसा, तिथे कमी हलतं. आईला अजून प्रवासात मळमळतं का?

इथे रोज दुपारी वीज जाते. तुमच्या इन्सुलिनचा मला घोर लागला होता. दवाखान्यातला फ्रिज बॅटरीवर चालतो, पण तो फक्त लसींसाठी. डॉक्टर म्हणाले, "अहो सिस्टर, वडिलांची एक बाटली ठेवलीत तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी नाही म्हटलं. लसींच्या फ्रिजात दुसरं काही ठेवायचं नाही, हे तुम्ही कंपाउंडर असताना तुमच्याच शेजारी स्टुलावर बसून शिकले. तुमच्या इन्सुलिनसाठी मातीचा माठ आणलाय, तो बाहेरून ओला ठेवते. आठ दिवस त्यात थर्मामीटर ठेवून बघितलं, पारा सव्विसाच्या वर गेला नाही, आणि इन्सुलिनला महिनाभर तिसापर्यंत चालतं.

डॉक्टर हसले. "इतकं कडक कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

म्हटलं, "मंगळवारी धक्क्यावर या, ओळख करून देते."

तुमची वाट बघणारी,
धाकटी