भिंतीवरचा मोर

शेवंती,

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला आईने भिंतीकडे बघून विचारलं होतं, "गो, ह्यो मोर काय कोंबो?" आणि तू ब्रश धुता धुता म्हणालीस, "कोंबो तर कोंबो, पण नाचता मां!" तेव्हापासून गणपतीमागची भिंत दरवर्षी तूच रंगवतेस.

काल मी तुला न विचारता मोरावर बाजारातला छापील पडदा चिकटवला. "मुंबयची माणसां येतली, हसतली," म्हणालो. तू रंगाच्या वाट्या उचलून मागीलदारी गेलीस. मुंबईची माणसं अजून आलीसुद्धा नाहीत. हसलो तो मीच.

आज पहाटे पडदा काढला, तर चिकटपट्टीबरोबर पिसाऱ्याचा रंगही निघून आला. मी निळा रंग भरायला गेलो आणि आणखीच बिघडवलं. तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून तू उठायच्या आधीच मूर्ती आणायला निघालोय.

इतक्या वर्षांत एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आरती म्हणताना मी देवाकडे कमी आणि तुझ्या भिंतीकडेच जास्त बघतो.

बाबल