रंगाखाली गेलेला नंबर

नाशिक
रविवार, ७ मे २०२३

ति. ताईस,
सनीचा सा. न. वि. वि., आणि इथल्या रिवाजाप्रमाणे प्रभूत सलाम.

हातानं पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. आपल्या मंडळीच्या सेवा-शिबिरात पहिल्याच दिवशी अश्विनदादानं सगळ्यांचे मोबाइल बिस्किटाच्या डब्यात जमा केले. पाद्रीसाहेबांचा नियम, लोकांच्या गरिबीचे फोटो काढायचे नाहीत. मला पटलं. शेजारचे जयरामकाका मनमाडहून रोज अपडाऊन करतात, तेच आपले पोस्टमन.

वस्ती नाल्याला लागून आहे. पत्र्याची घरं, पाणी दिवसाआड. आम्ही चौदा जण दारं-भिंती रंगवतोय. माझ्या वाट्याला मैनाबाईचं घर आलं. ती हॉटेलांना लसूण सोलून देते, बोटं बघवत नाहीत. नवरा केरूबाबा दोन वर्षं खाटेवर, अर्धं अंग गेलेलं. वस्ती हटवून सगळ्यांना पक्की घरं देणार म्हणतात. तळमजला मिळाला तर बाबाला उन्हात बसवता येईल, एवढंच तिचं मागणं.

रंग निळा दिलाय, आपल्या चर्चच्या खिडक्यांचा उरलेला. दारावर लाल रंगात कसलासा नंबर होता. लसूण पोचवायला जाताना मैनाबाई बजावून गेली की तेवढा सोड. मी हो म्हटलं. मग समोर एक जण रिक्षाचा हॉर्न दुरुस्त करत होता, त्यात अकरा गाणी वाजतात, तिथं तास गेला. परत आलो आणि अख्ख्या दारावर सरळ हात फिरवला. आता दार असं झालंय की तू बघितलंस तर आपल्यालाही दे म्हणशील. नंबर काय, कधीही टाकता येईल.

लोभ आहेच, तो चिवड्यासकट पाठव.
तुझा सनी

मनमाड
९ मे

चि. सनी यास अ. उ. आ.

चिवडा पाठवलाय, पण तो खायच्या आधी हे वाच. अरे, तो सर्वेचा नंबर असतो. इथं स्टेशनामागच्या झोपड्यांवर टाकले होते तेव्हा मी पाहिलंय. ज्या दारावर नंबर, त्यालाच घर. मालेगावला यंत्रमागाचं काम सोडून कबुतरं बघत बसलास, देवळालीला कॅन्टीनच्या नोकरीतून पळालास, ते तुझं तुला भोवलं. हे दुसऱ्याला भोवेल. पत्र मिळाल्यावर आधी मैनाबाईला नंबर विचार आणि होता तिथंच, होता तसा लाल रंगात लिहून टाक. वाटेत कुठं थांबू नकोस.

आईचा गुडघा बरा आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. माझी माया तुझ्यावर आहे, राग त्याहून जास्त आहे.
तेजस्विनी

नाशिक
१३ मे

ति. ताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं परवाच केलं. मैनाबाईला नंबर पाठ होता, एकशे सत्तेचाळीस. रंगवलं त्या दिवशी परत आल्यावर दार बघून ती मला म्हणाली होती की बाबा, तुला तर वाचता येतं ना. तेव्हा मला कळलं नव्हतं. परवा मी मान खाली घालून लिहिला, वळण जमेल तेवढं तसंच काढलं.

काल तपासणीला तिघं आले. बाकी सगळ्या दारांवर आमच्या पोरापोरींनी नंबराभोवती चौकोन सोडलाय, घरची माणसं समोर उभीच होती ना. एकट्या माझ्या दारावर ताजा लाल रंग. साहेबानं बोट लावलं, बोट लाल झालं. म्हणाला, घर लाटायला खोटे नंबर टाकणारे आम्ही रोज बघतो. मी पुढं होऊन सांगितलं की मीच लिहिलाय. तर म्हणाला, झालं, कबूलच करतोय.

खरी गोम अशी की सर्वेच्या दिवशी मैनाबाई आणि केरूबाबा दवाखान्यात होते. घराला कुलूप, म्हणून दारावर नंबर टाकून सर्वेवाले निघून गेले आणि यादीत नावाची जागा कोरी ठेवली. तपासणीला नाव भरायचं होतं. म्हणजे तो जुना नंबर हाच तिचा पुरावा. साहेब म्हणाला, रंगाच्या आधीचा दाराचा फोटो आणा. अश्विनदादानं डबा उघडला, चौदा मोबाइल तपासले. एकातही नाही.

आशीर्वाद मागायला तोंड नाही.
सनी

मनमाड
१६ मे

चि. सनी यास अ. उ. आ.

चूक माझीही आहे. तू लिहिलं नसतंस तर निदान कोणी खोटं म्हटलं नसतं. हे दिवसभर डोक्यातून जात नाही. तुझं अक्षर कोणाला लागायचं नाही, म्हणून अर्ज मी लिहून पाठवते. मैनाबाईचा अंगठा घे, साक्षीदार म्हणून तू सही कर. आणि एक ऐक, या वेळी पळू नकोस.
तुझी ताई

नाशिक
२७ मे

ति. ताईस सा. न. वि. वि.

मोबाइल परत मिळालाय, पण बोलायला जमत नाही म्हणून लिहितो.

शिबिर वीस तारखेला संपलं. निरोपाची गाणी झाली, वस्तीनं पेढे वाटले, मैनाबाईनंही घेतला. सगळे गेले, मी थांबलो. कचेरीत अर्ज तीनदा दिला. तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या मॅडमनी शांतपणे समजावलं की नंबर पुसणारा तू, लिहिणारा तू आणि साक्षीदारही तूच, असं कुठं असतं का. त्यांचंही चूक नाही.

काल यादी लागली. एकशे शेहेचाळीस आहे, एकशे अठ्ठेचाळीस आहे. सोमवारी टेम्पो येणार, चार जूनला पत्रे पाडणार. शेजारणींची भांडी मैनाबाईच गाठोड्यात बांधून देते. केरूबाबा विचारतो, आपलं कधी. ती म्हणते, दुसऱ्या खेपेला.

आठ दिवस मी तिच्या शेजारी बसून लसूण सोलतोय. एकदा तरी शिवी घालेल म्हणून वाट बघतो. आज सकाळी म्हणाली की तू जा बाबा तुझ्या घरी. तू बसतोस म्हणून मला दोनदा चहा ठेवावा लागतो, आणि बाबाला दूध पुरत नाही.

हे पत्र काकांबरोबर पुढं पाठवतोय, मी मागच्या गाडीनं येतो. लोभ असेल तर राहू दे, पण दारात काही विचारू नकोस.
सनी